पैसे घेतल्यावर कंपनी आपली राहत नाही, असं का?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही विजापूर रोडच्या आतल्या बाजूला घर बांधलं आणि मागच्या अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत केली. मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्याच्या आग्रहानं सगळ्या घराला ऑटोमेशन करून घेतलं. टच पॅनेल, मोबाइलवरून दिवे-पंखे, गच्चीवरच्या टाकीला सेन्सर, मोटार आपोआप चालू-बंद. २ लाख ६० हजार रुपये गेले. कंपनी पुण्याची, बसवून दिलं इथल्या डीलरनं. सुरुवातीचे काही महिने बरे गेले. मग रात्री-बेरात्री हॉलचे दिवे आपोआप लागायला लागले. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्या दचकून उठून बसतात. दोनदा मोटार बंदच झाली नाही आणि हौदातलं सगळं पाणी टाकीवरून वाहून गेलं. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे टँकर मागवावा लागला. कंपनीला फोन केला की तक्रार नंबर मिळतो आणि दोन दिवसांनी ‘तुमची तक्रार निकाली काढली आहे’ असा मेसेज येतो. घरी कुणी आलेलंच नसतं. डीलर म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते डीलरशी बोला. मी शाळेत शिक्षिका होते, कुणाशी कधी वाकडं बोलले नाही. मग एवढे पैसे घेऊन ही माणसं अशी का वागतात? आम्ही सोलापूरचे म्हणून? की मी आता ओरडायलाच हवं? आमचे हे म्हणतात, सगळं उखडून टाकू आणि साधी बटणं लावू.

— एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर

ताई, आधी मोटारीचं बघू. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, ते थांबणार नाही.

मोटार चालू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते. ऑटोमेशनच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे पॅनेलमागच्या डबीत, एक छोटा रिले असतो, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच. दिवे-पंख्यांचा भार तो सहज पेलतो, पण मोटारीचा सुरुवातीचा झटका रोज त्याच्यावर बसला की आतले संपर्क तापून एकमेकांना चिकटतात. मग ॲपमध्ये ‘बंद’ असं दिसतं आणि मोटार मात्र चालूच राहते. म्हणून जाणकार वायरमन मोटार कधीच थेट मॉड्यूलवर घेत नाही. मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट पेलणारा मोठा स्विच, टाकतो. मॉड्यूलनं कॉन्टॅक्टरला सांगायचं आणि कॉन्टॅक्टरनं मोटार चालवायची. तुमच्याकडे हेच झालंय असं मी इथं बसून सांगू शकत नाही. टाकीचा सेन्सर बिघडला असेल किंवा त्याची वायर पाण्यानं गंजली असेल, तरीही हेच घडतं. पण उद्या सकाळी तुमच्या ओळखीच्या परवानाधारक वायरमनला बोलावून एवढंच विचारा, की मोटार थेट मॉड्यूलवर आहे का. आणि तोवर मोटार साध्या स्टार्टरवर हातानं चालवा. हौद रिकामा झाल्यावर कोरडी चाललेली मोटार जळते आणि तो खर्च वेगळाच.

दिव्यांचंही एक तपासून बघा. रात्री दिवे लागतात त्या वेळी वीज जाऊन आलेली असते का? बऱ्याच मॉड्यूलमध्ये एक सेटिंग असतं, की वीज परत आली की स्विच कोणत्या स्थितीत असावा. चालू, बंद किंवा आधी होता तसा. ते ‘चालू’वर राहिलं असेल तर पहाटे दोन मिनिटांसाठी वीज गेली तरी परत येताना सगळा हॉल उजळतो. फ्रिजशेजारी एखादं साधं विजेचं घड्याळ लावून ठेवा, बॅटरी नसलेलं. सकाळी त्यावरची वेळ चुकलेली दिसली, की रात्री वीज गेली होती हे कळेल. कारण हेच निघालं तर हे सेटिंग तुमचा मुलगा पुण्यात बसूनही बदलू शकेल, मात्र ॲपचं मुख्य खातं त्याच्या हातात हवं. त्या खात्याबद्दल पुढे सांगते.

आता तुमचा खरा प्रश्न. ही माणसं अशी का वागतात?

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तुम्ही स्वतःलाच तपासायला लागलात. आपण सोलापूरचे म्हणून का, आपण नरम बोलतो म्हणून का. ताई, यात तुमचं काहीही कमी पडलेलं नाही. या धंद्याचा पैसा ज्या पद्धतीनं येतो, त्यातच हे दुर्लक्ष बसवलेलं असतं.

कोटेशन पुन्हा काढून बघा. पॅनेल, मॉड्यूल, हब (सगळी साधनं जोडणारा मुख्य डबा), वायरिंग, प्रोग्रॅमिंग असे सगळे आकडे असतील. काम पूर्ण झालं त्या दिवशी कंपनीची कमाईही पूर्ण झाली. त्यानंतर तुमच्या घरातून तिला एक रुपया येत नाही, जातो मात्र रोज. तुम्ही मोबाइलवरून दिवा लावता तेव्हा तो आदेश बहुतेक वेळा इंटरनेटवरून कुठल्यातरी सर्व्हरवर जातो आणि तिथून तुमच्या भिंतीत परत येतो. त्या सर्व्हरचं भाडं, ॲप दर काही महिन्यांनी नव्या फोनसाठी सुधारून देणाऱ्या माणसांचा पगार, फोन उचलणाऱ्यांचा पगार, हे सगळं जुन्या ग्राहकांसाठी चालू राहतं आणि ते भागवायचं नव्या ग्राहकांच्या पैशांतून. घरं जितकी जास्त, तितका हा बोजा जास्त. मग हाताशी असलेले मोजके तंत्रज्ञ कुठे पाठवायचे? एकीकडे होटगी रोडला नव्या अपार्टमेंटचं काम, बिल्डरला ताबा द्यायची घाई, शेवटचा हप्ता अडकलेला. दुसरीकडे तुमचा हॉलचा दिवा. तंत्रज्ञ कुठे जाणार हे तिथं ठरूनच गेलेलं असतं.

आपल्याकडे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग बंद पडला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, धावत येतो. माग थांबला की मालकाचं कापड थांबतं आणि नुकसान त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. तुमच्याकडे दिवा रात्री लागला, पाणी वाहून गेलं, सासूबाईंची झोप उडाली, तर कंपनीचं काय थांबलं? काहीही नाही. सगळा त्रास तुमच्या घरात होतो आणि कंपनीच्या वहीत त्याची ओळसुद्धा पडत नाही.

उलट वहीत पडतं ते ‘तक्रार निकाली’. तो मेसेज वाचून तुमचा संताप झाला असणार आणि तो रास्तच आहे. पण तो कसा येतो ते समजून घ्या. फोनवर बसलेल्या मुलाचं काम किती तक्रारी सुटल्या यावर सहसा मोजलं जात नाही, किती बंद झाल्या यावर मोजलं जातं. त्यानं डीलरला निरोप दिला, की त्याच्या दृष्टीनं काम झालं. तो तक्रार बंद करतो. महिनाअखेरीला वरच्या साहेबाला अहवाल जातो, त्यात आलेल्या तक्रारी आणि निकाली निघालेल्या तक्रारी जवळपास सारख्या असतात. साहेबाला वाटतं सोलापुरात सगळं ठीक आहे. तुमचं दुःख त्याच्यापर्यंत पोहोचलेलंच नसतं. म्हणून तुम्ही विचारलेल्या ‘ओरडू का’ या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. तुम्ही ओरडाल त्या मुलावर, ज्याच्या हातात एक स्क्रूड्रायव्हर पाठवण्याचाही अधिकार नाही. तो तुमचा आवाज ऐकेल, खिन्न होईल आणि तक्रार बंद करेल.

आणखी एक कारण आहे, ते फारसं कुणी बोलून दाखवत नाही. कित्येकदा कंपनीला बिघाड समजतच नाही. या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्या आतलं मॉड्यूल स्वतः बनवत नाहीत. ते बाहेरून, पुष्कळदा चीनमधून येतं. ॲपही एखाद्या मोठ्या प्लॅटफॉर्मवरून घेतलेलं असतं, वर फक्त नाव आणि रंग आपला. अशा कंपनीला पॅनेल बदलून देता येतं, पण ‘रात्री आपोआप का लागतं’ याचं उत्तर तिच्याकडे नसतं. त्यात हे बिघाड लहरी. घरातलं वायरिंग, विजेचा दाब, राउटर, इन्व्हर्टर या सगळ्यांतून मिळून होणारे. तंत्रज्ञ आला की नेमकं सगळं सुरळीत चालतं. ‘मॅडम, आता तर चालतंय की’ म्हणून तो चहा घेऊन जातो. उत्तर नसलेला माणूस फोन टाळतो. हे चूकच आहे, पण यात तुमच्याविषयी तुच्छता आहे असं समजू नका. त्याला लाज वाटत असते किंवा भीती.

आणि तुम्ही सोडून जाणार नाही हे त्यांना माहीत असतं. तुमच्या भिंतीतले बॉक्स त्यांच्या पॅनेलच्या मापाचे, वायरिंग त्यांच्या पद्धतीचं, ॲप त्यांचंच. दुसरी कंपनी आणायची तर भिंती फोडा, प्लास्टर करा, रंग द्या. मोबाइलचं सिमकार्ड आवडलं नाही तर माणूस दुसऱ्या कंपनीकडे जातो. इथे तशी सोय नाही. त्यात आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना आपण सगळं चालवून दाखवलेलं असतं, जावा-नणंदांनी कौतुक केलेलं असतं. तेच आता बंद पडतंय हे चारचौघांत सांगायला जीव नको म्हणतो. मुलानं हौसेनं करून दिलेलं असतं, त्याला वाईट वाटू नये म्हणून आई गप्प बसते. ही गप्प बसण्याची सवय कंपनीच्या सोयीची होऊन बसते. तुमच्या ओळखीत आणखी दोघा-तिघांकडे याच कंपनीचं काम असेल आणि तेही असेच गप्प असतील. डीलरनं विकताना ज्यांची घरं दाखवली होती त्यांना एकदा फोन करून बघा.

सोलापूरचे म्हणून का, हे तुम्ही विचारलंत. खरं सांगायचं तर थोडंसं हो, पण कारण हिशोबाचं आहे. पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर. एका तक्रारीसाठी तंत्रज्ञ पाठवला तर त्याचा दिवस गेला, प्रवासखर्च गेला. म्हणून सोलापूरच्या तीन-चार तक्रारी साठेपर्यंत कंपनी थांबते आणि तुम्हाला ‘पुढच्या आठवड्यात’ असं उत्तर मिळत राहतं. पुढच्या वेळी असं उत्तर आलं तर सरळ विचारा, ‘सोलापूरची पुढची भेट कोणत्या तारखेला ठरलीय? माझं नाव त्यात लेखी घाला.’ डीलरची अडचणही याच अंतरातून येते. विक्रीवर त्याला कमिशन मिळालं, दुरुस्तीवर सहसा काही मिळत नाही, सुटे भाग कंपनी वेळेवर पाठवत नाही. मला डीलरची थोडी दया येते. तरीही पैसे त्यानं घेतले, बिल त्यानं दिलं, त्यामुळे त्याला ‘कंपनीशी बोला’ म्हणून मोकळं होता येणार नाही. त्याच्याशी भांडून संबंध तोडू नका मात्र. उद्या नवं मॉड्यूल आलं तर ते बसवायला त्याचाच माणूस येणार आहे.

कधी कधी दुर्लक्षामागे याहून गंभीर गोष्ट असते. कंपनीच बुडत असते. अमेरिकेत हे उघड्यावर घडलेलं आहे. रिव्हॉल्व नावाचा एक हब साधारण ३०० डॉलरला, आजन्म सेवेच्या हमीसह विकला गेला होता. २०१४ मध्ये गुगलच्या नेस्ट या कंपनीनं रिव्हॉल्व विकत घेतली आणि १५ मे २०१६ ला सेवा बंद करून टाकली. लोकांच्या घरातले चांगले चालणारे हब त्या दिवसापासून निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या तिथल्याच ऑटोमेशन कंपनीचे सर्व्हर कुठलीही सूचना न देता बंद पडले. लोकांना ॲप चालेना आणि कंपनीत कुणी उत्तर देईना. पुढे काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती विकत घेतली आणि पुन्हा सुरू केली. विंक या कंपनीनं मे २०२० मध्ये जुन्या ग्राहकांना सांगितलं, की आता दरमहा ४.९९ डॉलर भरा, नाहीतर ॲपवरून काही चालणार नाही. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. सर्व्हरचा खर्च कुणी द्यायचा, हा प्रश्न मोठमोठ्यांनाही सुटला नाही. तुमची कंपनी बंद पडली तर घराचं काय होईल याचा अंदाज घ्यायला एक साधी चाचणी करा. राउटर बंद करा आणि मग भिंतीवरच्या पॅनेलवरून दिवे-पंखे चालतात का ते बघा. चालत असतील तर कंपनी उद्या राहिली नाही तरी घर अंधारात जाणार नाही. चालत नसतील, तर ही गोष्ट तक्रारीत आवर्जून लिहायची.

आणि ते मुख्य खातं. अनेक ठिकाणी बसवणारा माणूस स्वतःच्याच मोबाइल नंबरवर किंवा ईमेलवर खातं उघडतो आणि घरच्यांना फक्त पाहुणा म्हणून जोडतो. म्हणजे घर तुमचं, पण त्याची मालकी दुसऱ्याच्या फोनमध्ये. तो माणूस नोकरी सोडून गेला तर तुम्ही सेटिंगसुद्धा बदलू शकत नाही, आणि तुमच्या घरात कोण केव्हा आहे याची माहितीही त्याच्या हातात राहते. मुलाला आज रात्रीच बघायला सांगा, की मालक म्हणून कुणाचं नाव आहे. आपलं नसेल तर डीलरकडून ते लेखी मागून आपल्या नावावर करून घ्या. मोटारीनंतर हे एक काम मी सगळ्यांच्या आधी करायला लावीन.

आता कंपनीच्या वहीत तुमची ओळ कशी पडेल ते सांगते. तुम्ही शिक्षिका होतात, म्हणजे नोंदी ठेवणं तुमच्या हाताला सवयीचं आहे. एक साधी वही घ्या. तारीख, वेळ, काय झालं, त्या वेळी वीज होती की नव्हती, कुणाला फोन केला, काय उत्तर मिळालं. मोटार बंद झाली नाही तर व्हिडिओ घ्या. एकाच चित्रणात भिंतीवरचं घड्याळ, ॲपवरचं ‘बंद’ आणि चालू मोटारीचा आवाज येऊ द्या. टँकरची पावती जपून ठेवा, नसेल तर ज्यांच्याकडून मागवला त्यांना पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद शोधा. तक्रार निकाली काढल्याचे मेसेज पुसू नका. तेच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहेत, कारण त्या दिवशी घरी कुणी आलं नव्हतं हे त्यांनाही नाकारता येणार नाही. बिल पक्कं आहे का तेही बघा. जीएसटी नंबर आणि बिल नंबर असलेलं. नुसतं कोटेशनच असेल तर बँकेतून गेलेल्या पैशांच्या नोंदी काढून त्याच्याबरोबर लावा.

मग एक पत्र. कंपनीच्या बिलावरच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि डीलरला, दोघांनाही, स्पीड पोस्टनं, पोहोच घेऊन. शिवाय ईमेलवरही. पत्रात दहा गाऱ्हाणी नकोत. ज्यातून पैशाचं नुकसान झालं आणि जे सिद्ध करता येतं तेवढंच. असं काहीसं लिहा:

‘आपल्याकडून दिनांक … रोजी बिल क्रमांक … अन्वये घेतलेली ऑटोमेशन यंत्रणा वॉरंटीच्या मुदतीत सदोष आढळली आहे. दिनांक … व दिनांक … रोजी मोटार बंद झाली नाही, त्यामुळे साठवलेलं पाणी वाया गेलं व टँकरचा खर्च करावा लागला. आमच्या तक्रारी प्रत्यक्ष भेट न देता निकाली काढल्याचं कळवण्यात आलं. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत यंत्रणा दुरुस्त करून तसं लेखी द्यावं, अन्यथा सदोष भागांची किंमत व झालेला खर्च परत करावा. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू.’

वॉरंटीची मुदत कधी संपते ते मात्र आजच बघा. ती संपायच्या आत हे पत्र पोहोचलं पाहिजे.

पत्र गेल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. तिथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती मधे पडून कंपनीकडून उत्तर मागते. पण त्यामुळे तुमची तक्रार फोनवरच्या मुलाकडून उचलली जाऊन वरच्या कुणाच्या तरी टेबलावर जाते आणि आपल्याला तेच हवंय.

तरीही हाललं नाही तर सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पुण्याला जायची गरज नाही. ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्यानं दिली आहे. बिलाखाली ‘सर्व वाद पुणे न्यायकक्षेच्या अधीन’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असेल, त्यानं दबून जाऊ नका. तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यानं तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुलगा पुण्यातून ते करून देईल. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तक्रारीत कंपनी आणि डीलर दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याचा खेळ आयोगासमोर तरी थांबेल. मालातला दोष आणि सेवेतली त्रुटी, दोन्ही लिहा. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावावा असं आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त जातो, हे आधीच धरून चला. पण आयोगाची नोटीस पोहोचली, की कितीतरी कंपन्यांना तडजोड स्वस्त वाटायला लागते. वकील पाठवणं, तारखांना माणूस पाठवणं, यापेक्षा नवं मॉड्यूल आणि कॉन्टॅक्टर बसवून देणं कमी खर्चाचं. ज्या हिशोबानं तुमच्याकडे दुर्लक्ष झालं, तोच हिशोब आता तुमच्या बाजूनं फिरतो.

सगळं उखडून साधी बटणं लावायचा तुमच्या घरच्यांचा विचार मला पटतो, पण आत्ता नको. बिघडलेली यंत्रणा भिंतीत आहे तोवर ती पुरावा आहे. आधी परवानाधारक वायरमनकडून दोन ओळींचा अभिप्राय लिहून घ्या, मोटार कशावर आहे, काय बिघडलंय, सही आणि परवाना क्रमांकासह. सासूबाईंच्या झोपेसाठी हॉलच्या दिव्यांची जोडणी मॉड्यूल बाजूला ठेवून साध्या बटणावर घेता येते, तासाभराचं काम आहे, ते जरूर करून घ्या. काढायच्या आधी फोटो, काढलेला भाग पिशवीत घालून वर तारीख. पुढे सगळं बदलायची वेळ आली तरी पाणी, देवघर, जिना आणि सासूबाईंची खोली यांना साधं बटण असूच द्या. ऑटोमेशन हे त्यावर जोडलेलं असावं, त्याच्या जागी नसावं. आणि तुमच्या मुलाला वाटलं तर त्यानं मॅटर या मानकाचं सामान बघावं. ते २०२२ मध्ये आलं, त्यावर चालणारी साधनं वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी एकमेकांशी बोलू शकतात आणि घरातल्या घरात चालतात, त्यामुळे माणूस एकाच कंपनीच्या दारात अडकून पडत नाही.

मुलाशी मोकळेपणानं बोला, ताई. त्याला वाईट वाटेल म्हणून तुम्ही बहुतेक अर्धंच सांगितलं असणार. त्याला मोटारीचा व्हिडिओ पाठवा. कंपनीचं ऑफिस पुण्यात आहे, तो पत्राची प्रत घेऊन तिथं समक्ष जाऊन पोहोच घेऊ शकतो.

पत्र गेल्यावर बहुधा एखाद्या दुपारी तंत्रज्ञ अचानक येईल, काहीतरी बदलेल आणि जॉबशीटवर सही मागेल. त्यावर ‘ग्राहकाचं समाधान झालं आहे’ असं आधीच छापलेलं असतं. त्याच्यावर रागावू नका, त्याला पाणी द्या, पण ती ओळ आडवी रेघ मारून खोडा आणि आपल्या हातानं लिहा: ‘भाग बदलला, चाचणी बाकी. नळाला पुढच्या दोन वेळा पाणी येईपर्यंत मोटार नीट चालली तरच तक्रार मिटली असं मानावं.’ खाली तारीख, वेळ, सही. त्या कागदाचा फोटो काढा आणि मगच त्याला परत द्या.